सोळाव्या पानावरची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझा निळा कापडी पुठ्ठा कोपऱ्यांवर विरला आहे, शिवण दोन ठिकाणी उसवली आहे आणि बाविसाव्या पानावर चीजचा एक तेलकट डाग आहे. त्याला अजून वास येतो, असे लोक नाक मुरडून सांगतात. माझा निवास जर्मनीत आहे, परंतु माझ्या पोटात आहे तो सारा फ्रान्स. हे चमत्कारिक वाटेल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म नागपूरला, सीताबर्डीवरच्या एका बाइंडरच्या दुकानात झाला. दोनशे पाने, तांबडी समासरेषा आणि खळीचा उग्र गंध एवढीच माझी जन्माची संपत्ती होती. धम्मदीपा नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञ मुलीने मला निवडले आणि ऱ्हाइनकाठच्या लुडविग्सहाफेन गावी आणले. प्रयोगांच्या नोंदी माझ्यात कराव्यात असे तिच्या मनात होते. पण तिच्या प्रयोगशाळेत सर्व नोंदी संगणकात होत असत. मी कित्येक महिने कोरीच पडून राहिले. कोऱ्या वहीचे दुःख लिहिलेल्या वहीला कधी कळत नाही, मित्रांनो.

एका रविवारी धम्मदीपा आगगाडीने सीमेपलीकडच्या विसांबूर या फ्रेंच गावी गेली आणि उपाशी परत आली. दुपारी अडीच वाजता तिथल्या सर्व खाणावळींच्या चुली थंड झाल्या होत्या. घरी येताच तिने मला उघडले आणि माझे पहिले वाक्य लिहिले : ‘जेवण बारा ते दोन. त्यानंतर फ्रान्समध्ये भूक लागू देऊ नये.’

त्या वाक्याने माझे भाग्य उजळले. धम्मदीपाच्या ओळखीची मराठी माणसे फ्रान्सला निघाली की मला मागून नेऊ लागली. नियम एकच होता. जो नेईल, त्याने परत आल्यावर आपल्याला नवे कळलेले लिहावे. कोणी लिहिले, ‘दुकानात शिरताच प्रथम बोंजूर म्हणावे. आधी वस्तू विचारली तर आपण माणसाशी न बोलता फळीशी बोललो, असे त्यांना वाटते.’ कोणी लिहिले, ‘पाण्याची बाटली मागू नये, काराफ दो म्हणावे, सुरईतून नळाचे पाणी मिळते आणि त्याचे पैसे पडत नाहीत.’ एका शाकाहारी गृहस्थांनी कळवळून लिहिले होते, ‘पातळ भाकरीसारखा पदार्थ दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. वर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. सां लार्दों, म्हणजे ते तुकडे नकोत, असे दोनदा सांगावे.’ बाजाराविषयी कोणी तरी पानभर मोठ्या अक्षरांत एवढेच लिहिले, ‘फळांना हात लावू नका! विकणारी बाई स्वतः निवडून देते.’

मग एके वर्षी श्यामकांत सर आले.

सर मिरजेच्या एका शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. धम्मदीपाच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ऊर्मिलेचे ते सासरे. मुलाकडे आले असता सर्वांबरोबर ते एकदा फ्रान्स पाहून आले आणि नियमाप्रमाणे लिहावयास बसले. मित्रांनो, ते अक्षर मी काय वर्णावे! शाईचे पेन, एकसारखी शिरोरेषा, प्रत्येक वेलांटी ओवून ठेवल्यासारखी. माझ्या सोळाव्या पानावर त्यांनी लिहिले :

‘परदेशात मूळ पासपोर्ट बरोबर बाळगू नये, चोरीचे भय असते. मूळ प्रत कपाटात कुलूपबंद ठेवावी व साक्षांकित छायाप्रत जवळ बाळगावी. सीमेवर कोणी विचारीत नाही.’

खाली दिनांक आणि स्वाक्षरी.

त्या पानाने माझे नाव झाले. लोक मला उघडत ते सोळाव्या पानापाशीच. त्याची छायाचित्रे काढीत, आपल्या मुलांना दाखवीत. मीही गर्वाने फुगले. आपल्या अंगावरचे सर्वांत सुंदर पानच सर्वांत चुकीचे आहे, हे मला ठाऊक नव्हते.

ते कळले द्रौपदीबाईंमुळे. द्रौपदीबाई म्हणजे धम्मदीपाची आई. मायलेकी फ्रान्सला गेल्या तेव्हा द्रौपदीबाईंनी सोळाव्या पानाप्रमाणे पासपोर्ट कपाटात ठेवला. परतताना गाडीत जर्मन पोलिसांनी तपासणी केली आणि त्यांना उतरवून दीड तास बाकावर बसवून ठेवले. तरुणपणी शाळा न पाहिलेली ती माउली, परक्या गणवेशांपुढे छायाप्रत दोन्ही हातांत धरून बसली होती. मी त्यांच्या पिशवीत होते. तो दीड तास मीही तिथे मोजला.

घरी येताच धम्मदीपाने रागाने पेन उचलले. पण द्रौपदीबाईंनी तिचा हात धरला.

“काहून खोडतं?”

“आई, चूक आहे ते! धडधडीत चूक!”

“असू दे. अक्षर शिकाले मले चाळिशी लागली, बाई. इतकं देखणं लिहिलेलं माझ्यानं खोडवत नाही.”

शेवटी धम्मदीपाने एक पिवळी चिकटचिठ्ठी त्या पानावर लावली : ‘चूक! मूळ पासपोर्ट न्याच!’ माझा जीव भांड्यात पडला.

परंतु पुढे प्रत्येकाच्या हातातला फोनच सारे सांगू लागला. मला मागावयास कोणी येईना. धम्मदीपाने मला प्रवेशद्वाराशेजारच्या कपाटात, चपलांच्या वरच्या फळीवर ठेवले. दोन हिवाळे मी तिथे काढले. खोली तापवणाऱ्या यंत्राच्या कोरड्या हवेने चिठ्ठीचा गोंद वाळत गेला. रोज थोडा थोडा. ती मला धरून होती ती केवळ एका कोपऱ्याने.

आणि यंदा सर पुन्हा आले. या वेळी त्यांच्या पत्नी शुभाताईही होत्या.

शुभाताईंची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लग्नापूर्वी पुण्यात त्या दोन वर्षे फ्रेंच शिकल्या होत्या. लग्न झाले, सासर मिरजेला, आणि ती भाषा तिथेच थांबली. आयुष्यात एकदा पॅरिसच्या रस्त्यावर एक वाक्य बोलावे आणि समोरच्याने ते समजून उत्तर द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. तेही कोणाचे बोट न धरता, दोघांनीच जाऊन. मुलगा रासायनिक कारखान्यात पाळीवर होता आणि त्याला ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. शेवटी ऊर्मिलेने तोड काढली.

“आई, बाबा, आधी विसांबूरला एकटे जाऊन या. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. काही गडबड न होता आलात, तर मी स्वतः पॅरिसचं तिकीट काढून देते. झाली गडबड, तर विषय बंद. गेनाऊ?”

“गेनाऊ,” शुभाताई लगेच म्हणाल्या. ‘अगदी बरोबर’ अशा अर्थाचा तो जर्मन शब्द त्या आठवड्याभरात शिकल्या होत्या.

सरांना माझी आठवण झाली. ऊर्मिला वर आली. धम्मदीपा फोनवर बोलतच होती; बोलता बोलताच तिने मला फळीवरून ओढले आणि देऊन टाकले. त्या हिसक्यासरशी पिवळी चिठ्ठी सुटली, गिरकी घेत खाली गेली आणि बुटांच्या मागे पडली. कोणाच्याही लक्षात आले नाही.

मित्रांनो, मुक्या वस्तूची यातना तुम्हाला कशी सांगू? त्या रात्री सरांनी मला उघडले, सोळावे पान शांतपणे वाचले आणि समाधानाने मान हलवली. मग दोन्ही पासपोर्ट कपाटात ठेवून किल्ली फिरवली. मिरजेहून आणलेल्या, गोल शिक्क्याच्या साक्षांकित प्रती त्यांनी माझ्याच पोटात ठेवल्या. त्या कागदांचा भार फुलाएवढा. मला मात्र तो शिळेसारखा वाटला.

सकाळी आम्ही निघालो. सरांच्या खांद्यावरच्या शबनममधून मी प्रत्येक स्टेशन मोजत होते. कोणी तरी आत्ताच विचारावे, अजून परत फिरता येईल, असे मला वाटत होते. पण जाताना कोणी विचारले नाही.

विसांबूरचा बाजार भरला होता. शुभाताईंचा हात सवयीने टोमॅटोकडे गेला.

“अहं! पान अकरा,” सर म्हणाले. “फळास हात लावू नये.”

“अहो, हात न लावता टोमॅटो घ्यायचा म्हणजे नुसती पत्रिका पाहून लग्न करायचं!”

“आपले तसेच झाले होते.”

“म्हणून तर सांगते!”

पुढच्या गाड्यावर खरबुजे होती. शुभाताई थांबल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “बोंजूर, मादाम.” विकणाऱ्या बाईने वर पाहिले, हसून प्रतिनमस्कार केला आणि काही तरी विचारले. सर गोंधळून माझी पाने उलटू लागले. शुभाताईंनी मात्र माझ्यावर तळहात ठेवला.

“थांबा हो. ती विचारते आहे, आजसाठी हवंय की उद्यासाठी.” मग त्या वळून हळूच म्हणाल्या, “पूर स स्वार.” आज संध्याकाळसाठी.

बाईने चार खरबुजांचा वास घेतला, तीन खाली ठेवली, एक दिले. शुभाताईंनी ते मुलासारखे कवटाळले. पंचेचाळीस वर्षे मिटून ठेवलेली एक भाषा त्या क्षणी उघडली होती. मला आनंद व्हावयास हवा होता. पण गाडीची वेळ जवळ येत होती.

परतीच्या गाडीत, सीमा ओलांडल्यावर, दोन पोलीस चढले. एक तरुणी आमच्यापाशी आली. “आउसवाइस, बिट्टे.” ओळखपत्र दाखवा.

सरांनी आत्मविश्वासाने प्रती पुढे केल्या. तिने गोल शिक्का पाहिला, कागद उलटून पाहिला आणि सौम्यपणे इंग्रजीत विचारले, मूळ पासपोर्ट कुठे?

“इन सेफ कस्टडी,” सर म्हणाले.

“हो, पण कुठे?”

“इन द कबर्ड.”

“अहो, तिला कपाट काय सांगता!” शुभाताई पुटपुटल्या. त्यांच्या मांडीवर खरबूज होते आणि चेहरा उतरला होता.

पुढच्या लहानशा स्टेशनावर आम्हाला उतरवले. पोलिसांचे वागणे सभ्य होते. त्यांनी पाणी दिले, ऊर्मिलेला फोन लावू दिला. तरीही ज्यांच्या वर्गात चौतीस वर्षे कोणी मान वर करीत नसे, ते सर आता एका बाकावर मान खाली घालून बसले होते. “आता तो आपल्याला कुठेच जाऊ देणार नाही,” शुभाताई मुलाविषयी म्हणाल्या. नंतर तासभर दोघे ऊर्मिलेची वाट पाहत राहिले.

पासपोर्ट घेऊन ऊर्मिला आली. गाडी धम्मदीपा चालवीत होती, आणि लेकीकडे मुक्कामाला आलेल्या द्रौपदीबाईही सोबत होत्या. कागद जुळले, सही झाली, सुटका झाली. मोटारीत बसताच सरांनी मला उघडले.

“मी पुस्तकाप्रमाणेच वागलो होतो,” ते म्हणाले.

धम्मदीपाने आरशातून पाहिले. “सर, पुस्तक तुमचंच होतं. माझ्या आईलाही असंच बसवलं होतं. दीड तास.”

सरांनी विचारले, “कधी?”

“दोन वर्षं झाली. मी चिठ्ठी लावली होती त्यावर. पडली असेल कुठे.”

“चिठ्ठी? अहो, खोडले का नाहीत?”

द्रौपदीबाई संकोचून म्हणाल्या, “मीच नको म्हणले, मास्तर. अक्षर लय देखणं होतं.”

सरांनी मला मिटले. मग दोन्ही हात जोडून, त्यांच्याकडे वळून ते म्हणाले, “बाई, मी हजारो मुलांच्या वह्या तांबड्या शाईने तपासल्या. माझी वही तपासणारे कोणी उरले नाही, हे मला आज कळले. माझ्यामुळे तुम्हाला बसावे लागले. क्षमा असावी.” नंतर ऊर्मिलेकडे पाहून म्हणाले, “पॅरिस राहू दे आता. अट मान्य होती. मी अनुत्तीर्ण झालो.”

“तुम्ही झालात,” शुभाताई एकदम म्हणाल्या. “मी पास झाले! मला खरबूजवालीचं सगळं समजलं. माझा निकाल तुमच्याबरोबर कशाला लावता?”

ऊर्मिलेला हसू आवरेना. “बरं आई. पण आता माझी एकच अट. पासपोर्ट पर्समध्ये, आणि घरी गेल्यावर ते पान आधी दुरुस्त.”

संध्याकाळी धम्मदीपाच्या टेबलावर खरबूज चिरले. खरोखर ते त्या संध्याकाळीच पिकले होते. सरांनी तांबड्या शाईचे पेन काढले, सोळावे पान उघडले, आणि पेन द्रौपदीबाईंपुढे धरले.

“मी खोडले तर लोक म्हणतील, सरांनी मन बदलले. तुम्ही खोडा. हे तुम्हाला भोवले आहे.”

“मी? मास्तर, माझी रेघ सरळ येत नाही.”

“सरळ नको आहे. खरी हवी आहे.”

द्रौपदीबाईंनी ओठ दाबून, श्वास रोखून रेघ ओढली. थोडी वाकडी, पण पहिल्या शब्दापासून स्वाक्षरीपर्यंत अखंड. खाली सरांनी लिहिले : ‘शुद्धिपत्र. मूळ पासपोर्ट सदैव जवळ बाळगावा. सीमा दिसत नसली तरी असते. या वहीत जे चुकले असेल, ते कोणाचेही असो, खोडावे.’

मित्रांनो, उद्या पहाटे मी पॅरिसला निघाले आहे. शुभाताईंच्या पर्समध्ये माझ्या डावीकडे दोन पासपोर्ट आहेत. खरे, जाड, निळे. ऊर्मिलेने ते तीनदा मोजले आणि मी चौथ्यांदा. भीती अजून पुरती गेलेली नाही. माझ्या आणखी किती पानांवर कोणाची सुंदर चूक निजली असेल, कोणास ठाऊक. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. मला पुठ्ठा घालून, पुसून, फळीवर जपून ठेवू नका. मला बरोबर न्या, मळवा, आणि जिथे मी चुकले असेन तिथे निःसंकोच रेघ ओढा. माझ्या अंगावर देखणी अक्षरे पुष्कळ आहेत; पण माझ्या भरवशावर कोणी घराबाहेर पडतो, तेव्हा त्याला सांभाळून आणते ती सोळाव्या पानावरची वाकडी रेघच.