सुरगाठीचं कुंपण

जाळं विणायची लाकडी सुई कायम अंबाड्यात खोचलेली, म्हणून अख्खी वस्ती त्यांना सुईकाकू म्हणायची. समुद्राने पुढची सात घरं गिळली तेव्हा साहेबलोकांनी अहवाल लिहिले आणि सुईकाकूंनी किनाऱ्यावर बांबू ठोकले. बांबूंच्या दोन रांगा, मध्ये कोंबलेल्या फांद्या, वरून जुन्या जाळ्याची दोरी. पाणी फटींतून आत यायचं, दमून परत जायचं आणि गाळ मागे टाकायचं. तीन वर्षांत गाळ गुडघाभर चढला, त्यात खारफुटीची रोपं धरली. काकूंचं घर आता पाण्यापासून पहिलं, पण उंबरा कोरडा.

एवढं झाल्यावर सरकारला पुरस्कार द्यायची हुक्की आली.

समारंभाच्या सकाळी वस्तीतल्या बायका नटत होत्या. धाकट्या जावेने काकूंना बळेच इस्त्रीची साडी नेसवली, ती सुई तरी काढा म्हणून डोकं खाल्लं. काकूंनी काढली नाही. तेवढ्या तासाभरात मंडपाच्या ठेकेदाराच्या माणसांनी गाड्या लावायला जागा साफ केली. कुंपण त्यांना कचरा वाटलं. उपटायला कष्टही पडले नाहीत, कारण काकूंनी ते जाळ्यासारखं सुरगाठींनी बांधलं होतं, दुरुस्तीला सोपं म्हणून. एक टोक ओढलं आणि साठ पावलं कुंपण भराभर सुटत गेलं. बांबू ट्रकमधून गेले. रोपांवर अकरा गाड्या उभ्या राहिल्या.

आणि दुपारी महिन्यातली सगळ्यात मोठी भरती.

मंडपात मोठे साहेब वस्तीच्या शहाणपणावर बोलत होते. किती गोड बोलावं माणसाने! काकूंना वर बोलावलं. त्यांनी प्रशस्तिपत्र उलटसुलट पाहिलं.

"साहेब, हे पाणी अडवतं का?"

लोक हसले. साहेबही हसले.

"ज्याच्यासाठी हे दिलंत, ते तुमच्या लोकांनी उपटून नेलं. भरतीला तीन तास आहेत."

साहेबांनी ठेकेदाराकडे पाहिलं, ठेकेदाराने आभाळाकडे. मग साहेब म्हणाले, नव्या कुंपणाचा प्रस्ताव पाठवा, पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी बक्षीस कुणाला देणार? माशांना?" जाऊ खालून म्हणाली.

काकू मंचावरून उतरल्या, पदर खोचला आणि मंडपाचा पहिला बांबू हलवला. दुसऱ्याला जाऊ भिडली, तिसऱ्याला सगळी आळी. साहेबांच्या डोक्यावर कापड आलं तेव्हा पाहुणे पळाले. चार गाड्या गाळात रुतल्या. धक्का मारायला वस्तीतलं कुणीही गेलं नाही.

मंडपाच्या बांबूंचं चाळीस पावलं कुंपण झालं, वीस राहिलं. त्या विसातून पाणी आलं आणि थेट काकूंच्या चुलीपर्यंत गेलं. घर टिकलं, चूल विरघळली.

ओहोटीला काकू उरलेली वीस पावलं बांधायला बसल्या, त्याच इस्त्रीच्या साडीत, चिखलाने माखलेल्या. या वेळी प्रत्येक गाठ निरगाठ. जाऊ म्हणाली, अहो, दुरुस्तीला त्रास होईल.

"होऊ दे. आता सोडवायला कोयता आणावा लागेल," काकू म्हणाल्या, "आणि कोयता घेऊन येणारा माणूस लांबून दिसतो."