एकदाही न वाजलेला फोन

मी एक जुना टेलिफोन आहे. रंगाने काळा, अंगाने जड, पोटावर गोल तबकडी. मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. छत्तीस वर्षं मी टीव्हीवर झळकलो, माझी घंटा ऐकून हजारो बायका हातातलं काम टाकून पडद्यासमोर बसत, पण मी स्वतः कधी वाजलोच नव्हतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला धडधाकट होतो. पोटात पितळेच्या दोन घंटा होत्या, मागे लांब वायर होती. मग न्यूयॉर्कमध्ये नदीकाठच्या एका विटांच्या इमारतीत आलो. पूर्वी तिथे घोड्यांचा तबेला होता. हवा दमट झाली की भिंतींना अजून वास सुटे. तिथे दुपारच्या मालिकेचं चित्रीकरण चालायचं. पहिल्याच दिवशी एकाने माझ्या घंटा काढून घेतल्या, दोन हात ठेवून वायर कापली आणि तिचं टोक गालिच्याखाली सारलं. "याला बोलायचं नाहीये, नुसतं बसायचंय," म्हणाला मेला! घंटेचा आवाज काचेच्या खोलीतला एक गृहस्थ बटण दाबून काढी, आणि नाव माझं होई.

लुएला प्रेंटिस आली ती तीन दिवसांच्या कामासाठी. ओहायोतल्या कुठल्याशा गावची सव्वीस वर्षांची मुलगी, बूट चावत होते म्हणून लंगडत आली. तिचं काम एवढंच, की मला उचलायचं आणि नवऱ्याचं विमान पडल्याची बातमी ऐकायची. तिने उजव्या कानातलं कर्णफूल काढून टेबलावर ठेवलं, मला कानाला लावलं आणि ऐकू लागली. आता माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? काही नाही! पण ती असं ऐकत राहिली, की माझाच जीव दडपला. खरंच काही झालं की काय? कॅमेऱ्यामागचा ऑरिन, तीन माणसांचं खाणारा गडी, हातातलं सँडविच तसंच धरून उभा राहिला.

तिला ठेवून घेतलं. तीन दिवसांची छत्तीस वर्षं झाली.

माझ्यातून तिने काय काय ऐकलं म्हणून सांगू! नवरा मेल्याचं ऐकलं, चार वर्षांनी तोच नवरा जिवंत असल्याचं ऐकलं. इस्पितळात मुलगी बदलली गेल्याचं ऐकलं. सात लग्नं झाली, त्यातलं पाचवं पहिल्या नवऱ्याच्या भावाशी. ती स्वतः दोनदा मेली आणि दोन्ही वेळा परत आली. बाजारात बायका तिला मालिकेतलीच बाई समजून गाठून झापत, "अगं, त्या रॉडरिकला माफ कसं केलंस तू? लाज नाही वाटली?" ती मुकाट्याने ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "चुकलंच माझं."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. प्रसंगाच्या शेवटी धक्कादायक बातमी आली, की नटाने तो धक्का चेहऱ्यावर तसाच धरून ठेवायचा, दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत. याला आमच्याकडे 'धरणं' म्हणतात. भलेभले चार-पाच सेकंदांत डोळे मिचकावतात. लुएला बावीस सेकंद धरायची. ऑरिन मुद्दाम कुरकुरायचा, "बास कर बाई, माझं जेवण गार होतंय!" आणि कट झाल्याबरोबर लुएला खो खो हसायची.

सेटवरच्या वस्तू सांभाळायचं काम नेरेइदाकडे होतं. मूळची पोर्तो रिकोची, ठेंगणी, तोंडाची फटकळ. रोज सकाळी ती मला ओल्या फडक्याने पुसायची आणि वायरचं टोक गालिच्याखाली नीट ढकलायची. नंतर मोबाइल आले. प्रेस्टन नावाचा नवा दिग्दर्शक आला आणि म्हणाला, "लुएला, हे धूड आता काढू या. लोक हसतील." लुएलाने त्याच्या हातातला मोबाइल दोन बोटांत धरून पाहिला. "या साबणाच्या वडीवर मी धक्का कसा खाऊ? नेरेइदा, सांग गं याला."

"याला कोण सांगणार? कालचं पोर आहे," नेरेइदा म्हणाली, आणि मी टेबलावर राहिलो.

मग तो मंगळवार आला. अकराचा सुमार होता. प्रसंग साधा होता. घंटा वाजते, ती मला उचलते, मुलगी जिवंत असल्याचं कळतं, 'कोण जिवंत आहे?' एवढं म्हणते आणि धरते. काचेमागून घंटा वाजली. लुएलाने मला उचललं आणि कानाला लावलं.

टक्.

न काढलेलं कर्णफूल माझ्यावर आपटलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा! मी चरकलोच.

"हॅलो," ती म्हणाली. त्यापुढे काही नाही. मी वाट पाहिली. तिचा उजवा गाल माझ्याकडे होता, कॅमेऱ्याकडे डावा. मित्रांनो, त्या उजव्या गालावर जे झालं ते मी एकट्याने पाहिलं. तोंडाचा कोपरा हळूहळू खाली ओघळला. डोळ्याची पापणी अर्धी मिटली. माझ्याभोवतीची बोटं एकेक करून सुटली. मी गाल आणि खांदा यांच्यामध्ये अडकलो होतो म्हणून पडलो नाही, आणि म्हणूनच कुणाला काही दिसलं नाही.

कॅमेऱ्याकडच्या डोळ्यात मात्र भीती होती. खरी भीती. छतावरच्या कर्ण्यातून प्रेस्टनचा दबका आवाज आला, "वा! पुढचं वाक्य गाळलं तरी चालेल. जवळ जा, ऑरिन, अजून जवळ." दहा सेकंद. बावीस. तीस. अरे, कुणीतरी बघा रे! मला ओरडायचं होतं, वाजायचं होतं, निदान खाली पडायचं होतं. जगातल्या सगळ्या अशुभ बातम्या ज्याच्या तोंडून आल्या, त्याला एक खरी बातमी सांगता येईना! ऑरिनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कौतुकाचं होतं.

"तिने कर्णफूल काढलं नाही," दाराजवळून नेरेइदा म्हणाली.

"शूऽऽ!" कर्ण्यातून आवाज आला.

"शू काय शू? कर्णफूल काढलं नाही तिने!" आणि नेरेइदा सरळ कॅमेऱ्यासमोर चालत आली. आमच्याकडे यापेक्षा मोठा गुन्हा नाही. "लुएला? अगं, माझ्याकडे बघ. माझं नाव सांग." लुएलाच्या तोंडून कसलासा घरंगळता आवाज आला आणि ती नेरेइदाच्या अंगावर कलंडली. मी गालिच्यावर आदळलो.

आता पुढचं ऐका. नेरेइदाने एका हाताने लुएलाला धरलं, दुसऱ्या हाताने मला ओढलं आणि रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला. नऊ. नऊचा आकडा तबकडीवर किती सावकाश परत येतो! मग एक. मग एक. "हॅलो? हॅलो! माणूस पाठवा, लवकर पाठवा, आमची लुएला..." ती माझ्यात जीव तोडून बोलत होती. रोज सकाळी माझी तुटकी वायर गालिच्याखाली ढकलणारी नेरेइदा! मी गप्प. मग तिची नजर त्या कापलेल्या टोकाकडे गेली.

धक्का बसलेले चेहरे मी जन्मभर पाहिले, पण तसा चेहरा पाहिला नाही. तो कुठल्याही कॅमेऱ्याने टिपला नाही.

"मोबाइल! कुणाकडे मोबाइल आहे का रे, मुडद्यांनो!" ती किंचाळली. सेटवर मोबाइल आणायला बंदी होती. प्रेस्टनच जिना उतरत धावत आला, कानाला त्याची ती साबणाची वडी लावून. गाडी सात मिनिटांत आली. "अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं," असं डॉक्टर म्हणाल्याचं पुढे माझ्या कानावर आलं. प्रेस्टन त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सेटवरच्या खोट्या पायरीवर बसून होता. "मी वा म्हणालो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

पुढच्या आठवड्यात निवेदकाने गोड आवाजात जाहीर केलं, की ही भूमिका आजपासून दुसरी नटी करेल. झालं! तिचीच खुर्ची, तिचाच निळा झगा, आणि चेहरा परका. मालिकेतल्या मुलीने तिला आई म्हणून मिठी मारली. मी हबकून गेलो. माणूस असा बदलता येतो? नव्या बाईंनी मोबाइल मागितला आणि माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली, एका खोट्या मांजराशेजारी. दोन हिवाळे तिथे काढले. अंगावर इतकी धूळ बसली की माझे आकडे मलाच दिसेनात.

एके दिवशी दिवा लागला. "चल रे, मुक्या," नेरेइदा म्हणाली. तिने वहीत माझ्यापुढे 'मोडका' असं लिहिलं, साहेबाची सही घेतली आणि मला पिशवीत घालून एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने माझ्या पोटात दोन घंटा बसवल्या, मागे लांब वायर जोडली.

आता मी लुएलाच्या स्वयंपाकघरात असतो. तिचा उजवा हात मांडीवर पडून असतो आणि तोंडात मोजके सहा-सात शब्द आहेत. पहिल्या सकाळी मी वाजलो तेव्हा आम्ही दोघंही केवढ्यानं दचकलो! मग ती खो खो हसली, अगदी पूर्वीसारखी. डाव्या हाताने मला डाव्या कानाला लावून म्हणाली, "हॅलो." पुढचा शब्द येईना. पलीकडून नेरेइदा म्हणाली, "सावकाश गं. मी कुठे पळून चाललेय?" आणि ती थांबली. बावीस सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त थांबली. जन्मात पहिल्यांदा माझ्या पलीकडे कुणीतरी होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी बोलता बोलता गप्प झालं, तर वा म्हणण्याआधी, शू म्हणण्याआधी जवळ जाऊन एकदा नाव घेऊन हाक मारा. आणि त्याच्या रोजच्या बारीकसारीक सवयी लक्षात ठेवा. लुएला वाचली ती एका कर्णफुलामुळे, आणि ते रोज पाहणाऱ्या एका बाईमुळे.

रोज सकाळी नऊला नेरेइदा फोन करते. आता नऊ वाजायला दोन मिनिटं आहेत. मी अजून वाजलेलो नाही, पण लुएलाने डाव्या कानातलं कर्णफूल काढून टेबलावर ठेवलं आहे.