बेसमेंटमधली तेरावी

ग्रे कप या कॅनडाच्या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलला वनिताने बेसमेंटमध्ये पाऊल टाकायचं नाही, हा तिच्या नवऱ्याचा, बळवंतचा, कायदा सोळा वर्षं जुना होता.

२००९ साली ती सस्काटूनला नवीन होती. बॉल हातात घेऊन पळायच्या या फुटबॉलची फायनल अगदी संपत आलेली, इथले लाडके रायडर्स दोन गुणांनी पुढे, आणि माँट्रियलची शेवटची किक हुकली. जल्लोष ऐकून वनिता भज्यांचं ताट घेऊन खाली धावली. तेवढ्यात पंचांनी मोजलं, तर मैदानात रायडर्सचे बाराऐवजी तेरा खेळाडू. किक पुन्हा झाली, बसली, आणि रायडर्स एका गुणाने हरले. बळवंतने मग बेसमेंटमधली माणसं मोजली. तिला सोडून तीही बाराच निघाली. तेरावी वनिता.

२०१३ची फायनल तिने स्वयंपाकघरात काढली, रायडर्स जिंकले, आणि कायद्यावर शिक्कामोर्तब झालं. गंमत म्हणजे तोवर या खेळाचं वेड सगळ्यांत जास्त तिलाच लागलं होतं. रायडर्सचा १९६६चा पहिला कप, १९८९चा शेवटच्या किकवर जिंकलेला, सगळं तोंडपाठ. फक्त कप जिंकताना बघायला तिला बंदी होती, आणि याचा तिला सणकून राग होता.

यंदा समोर पुन्हा माँट्रियलच, आणि बेसमेंटमध्ये पुन्हा बाराच माणसं. पंचवीस-सतरा, रायडर्स पुढे. वनिता वर भजी तळत होती. खाली अचानक सगळे गप्प झाले, तशी तिला राहवेना. हातातल्या झाऱ्यासकट ती जिन्यावर आली. माँट्रियलवाले बॉल घेऊन रायडर्सच्या गोलरेषेपासून हातभर लांब होते.

“आई, डॅड विल फ्रीक आउट,” लेक ऊर्मी कुजबुजली.

“वनिता, वर जा,” बळवंतने हात जोडले.

“नाही जाणार. हरले तर खुशाल माझ्यामुळे हरले म्हणा. पण मी बघणार.”

टीव्हीवर माणसांचा ढीग पडला, त्यातून बॉल निसटला आणि थेट रायडर्सच्या हाती लागला. बेसमेंट दणाणलं. वनिता आनंदाने खाली धावणार, तोच बळवंत म्हणाला, “हलायचं नाही. आहेस त्याच पायरीवर थांब.”

“अहो, वर तेल तापतंय.”

बळवंतने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग फायनलला कधीच जागचा न हललेला तो माणूस झारा घेऊन जिना चढला. स्टोव्ह मंद करून घाईघाईने परतला, तर वनिताने हात आडवा केला.

“आता तुम्ही खाली नका येऊ. तेरावे व्हाल.”

कायदा त्याचाच होता. वनिताने डोळे भरून कप जिंकताना पाहिला. बळवंतने तो भजी तळत ऐकला.