नऊ नंबरच्या चपला

विनोदासारखं दुसरं औषध नाही. हे वाक्य मी चाळीस वर्षं वेगवेगळ्या व्यासपीठांवरून उच्चारलं, त्याबद्दल शाली आणि नारळ घेतले, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन बीपीची गोळी घेतली.

आमच्या घरात हे औषध एकाच बाटलीत होतं : चपलांची गोष्ट. आमच्या मनालीच्या जन्माची. बारसं असो, सोसायटीची कोजागिरी असो, कुणीतरी म्हणायचंच, "काका, चपलांची होऊन जाऊ दे." सुनयना, म्हणजे आमची सौ., ठरल्या जागी तोंडाला पदर लावायची. कुठे हसायचं ते तिला माझ्याइतकंच पाठ.

म्हणून गेल्या वर्षी, तिसरा महिना सरताना, सोनोग्राफीच्या टेबलावर आडव्या पडलेल्या मनालीने तीच गोष्ट मागितली. जावई आशुतोष कंपनीच्या कामाला चेन्नईत होता, तेव्हा तिच्या सोबतीला जुईनगरहून आम्ही दोघं गेलो होतो. भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' असा बोर्ड आणि त्याखाली आम्ही, तेच विचारायला आल्यासारखे, अवघडून बसलेले.

डॉ. वैशाली पोटावर एकाच ठिकाणी यंत्र फिरवत होत्या. डावीकडे, मग उजवीकडे, परत डावीकडे. स्पीकरमधून कुणी जिना चढून दमल्यासारखा आवाज येत होता.

"हे बाळाचं हृदय का हो?" सुनयनाने विचारलं.

"नाही काकू. बाळ छान आहे. हे आईचं आहे, गर्भाशयाला रक्त नेणाऱ्या नळीचं. रक्त सहज जातंय की ढकलावं लागतंय, ते बघतेय."

आणि पुन्हा गप्प. डॉक्टर बोलत असले की माणूस ऐकत नाही, गप्प झाले की सगळं ऐकू येतं. मनालीचा हात माझ्या हातात होता. गार.

"बाबा," ती म्हणाली, "चपलांची सांगा."

मी सांगितली.

तेव्हा आम्ही घणसोली गावात शेवंताबाईंच्या खोलीत भाड्याने राहायचो. दारासमोर भाताची शेतं, पलीकडे खाडी, आणि टॉवर होते ते फक्त विजेचे. संध्याकाळी वारा सुटला की घरात मीठ आणि सुकट यांचा एकत्र वास यायचा. आज बाटलीत भरून मिळाला तर मी विकत घेईन. आठव्या महिन्यात सुनयनाचे पाय असे सुजले की तिची एकही चप्पल चढेना. शेवंताबाई खूश. "पाय सुजलं म्हंजे पोर टनक हाय," म्हणायच्या आणि पाण्याला आलेल्या प्रत्येक बाईला ते पाय दाखवायच्या. बोटाने दाबलं की खळी पडायची, ती खळीही दाखवायच्या. शेवटी सुनयना माझ्या नऊ नंबरच्या चपला घालून हिंडायला लागली, आणि मी तिच्या पाच नंबरच्या घालून, टाचा रस्त्यावर ठेवून, ऑफिसला जायला लागलो.

एका दुपारी तिचं डोकं ठणकायला लागलं. म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. मी म्हटलं, भर दुपारी कशाला, अंधार पडू दे, खाडीवर खरे दाखवतो. मग ती भिंतीला धरूनच बसली. माझा साताऱ्याचा दोस्त धनाजी मार्केटला कांद्याचा टेम्पो चालवायचा. त्यात तिला पुढे बसवली. वाटेत तिच्या डाव्या पायातली चप्पल गळून पडली. मी टेम्पो थांबवायला लावला.

"आरं येड्या, बायकू बघ," धनाजी म्हणाला, "चप्पल काय बघतुयास?"

"नवीन आहे," मी म्हटलं.

दवाखान्यात सिस्टरने तिचे पाय बघितले, माझे पाय बघितले आणि विचारलं, पेशंट कोण? मनाली महिनाभर आधी आली. पावणेदोन किलोची. एवढ्या कांद्याला धनाजी पिशवीसुद्धा द्यायचा नाही.

इथे हशा. मनाली हसली, सुनयनाने पदर लावला. डॉ. वैशालींनी पोटावरचं यंत्र उचललं.

"काजवे म्हणजे चमकल्यासारखं दिसत होतं, काकू? डोकंही दुखत होतं? बीपी किती होतं?"

"खूप आहे म्हणाले होते," सुनयना म्हणाली. "झटका येऊ नये म्हणून सुई दिली."

ही सुई गोष्टीत नव्हती.

"मनाली, आईला काही नव्हतं म्हणालीस तू."

"नव्हतंच. आईची फक्त चपलांची गोष्ट आहे."

डॉक्टर हसल्या नाहीत. मला तिथे पहिल्यांदाच न हसणारा श्रोता भेटला आणि त्याने गोष्ट सगळ्यांत नीट ऐकली होती. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. एकेक लाट उंच चढत होती आणि कड्यावरून ढकलल्यासारखी खाली येत होती. मी साताऱ्याचा, घाट सावकाश उतरावा एवढं मला कळतं.

"आजार झालाय असं नाही," त्या म्हणाल्या. "पण या नळ्या एव्हाना सैल व्हायला लागतात, हिच्या ताठ आहेत. त्यात आईला झालेलं. पुढे बीपी चढायचा, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त. आत्ता कळलं ते बरं, उपाय आत्ताच सुरू केलेला चांगला. हिच्या डॉक्टरांशी मी आजच बोलते."

ॲस्पिरिनची लहानशी गोळी रोज रात्री आणि घरी बीपीचं मशीन, असं ठरलं.

परतताना रिक्षात, सानपाड्याच्या सिग्नलला सुनयना म्हणाली, "टेम्पोत मला तुमचा चेहरा दिसत नव्हता. सगळं पांढरं. नुसता आवाज येत होता, तुम्ही चपलेवरून भांडत होतात. मी म्हटलं, हे भांडतायत, म्हणजे मी आहे अजून."

सिग्नल सुटला.

आठव्या महिन्यात मनालीचं बीपी चढलं. शेवंताबाई असत्या तर पाय बघून पेढे वाटले असते; इथे मशीनवर आकडा बघून सुनयनाने मुलीला त्याच दुपारी ॲडमिट करायला लावलं. चार दिवस आम्ही त्या कॉरिडॉरमध्ये काढले. मी एकही विनोद केला नाही, त्याचं सुनयनालाच जास्त टेन्शन आलं. मग सिझर झालं. मुलगी. लहानखुरी, पण रडणं खणखणीत. आई ठीक, बाळ ठीक.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेलो. आशुतोष खुर्चीतच झोपला होता, सुनयना नातीकडे बघत बसली होती. मी पलंगाशी उभा राहिलो. एवढ्या वर्षांत नीट न सांगितलेली गोष्ट आता नीट सांगावी, असं मनात आलं. पहिलं वाक्य जुळलंही होतं. घसा साफ केला.

मनालीने पांघरुणातून पाय खाली सोडले. तिच्या सँडल्स पलंगाखालीच होत्या, पण त्यांच्याकडे तिने बघितलंही नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या चपला द्या जरा. बाथरूमला जायचंय."