भिवराची जर्मनची थाळी

सिरसाळ्याजवळ सहकारी साखर कारखान्याने चारा छावणी उघडली, तेव्हा मी आणि माझी बायको भिवरा आमची गाय घेऊन तिथंच राहायला गेलो. विहिरी आटल्या होत्या. टँकर आला की धूळ उडायची आणि भिवराचा खोकला सुरू व्हायचा.

तरुणपणी तिला क्षय झाला होता. तेव्हापासून तिची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी वेगळी. सगळ्यांचं झाल्यावर पाठ करून जेवायची. क्षय बरा झाला तरी तिनं ती थाळी सोडली नाही.

आता खोकला परतला तेव्हा सगळ्यांनी क्षयच धरला. गोळ्या झाल्या, खोकला हटेना. शेवटी अंबाजोगाईला थुंकी पुन्हा तपासली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा क्षय नाही. त्याच्याच भावकीतले जंतू आहेत, माती-पाण्यात राहणारे. एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. पण जुन्या क्षयाने फुफ्फुसात पोकळी झालीय, वय झालंय आणि अंगावर मांस नाही. अशांना हा आजार जड जातो. औषध वर्षाच्या वर चालेल. वजन वाढलं नाही तर तेही झेपणार नाही."

तेव्हापासून मला चैन पडेना. चाऱ्याच्या काट्यावर मी तिला सारखं उभं करायचो.

"अवं, पेंढ्यांच्या काट्यावर बाईमाणूस! लोक हसतेत."

"हसू दे. ऱ्हा उभी."

वजन उतरतच होतं. थाळीत भाकरी तर पुरेशी घ्यायची. मी दावणीपुढं येरझाऱ्या घालायचो.

शेजारच्या दावणीचा धोंडीराम एकदा म्हणाला, "त्रिंबक, समद्यांच्या जनावरांची हाडं वर आली, आन तुझी गाय बघ बे! पेढे चारतो काय तिला?"

मी हसलो. मग हसू तोंडातच राहिलं.

दुपारी भिवरा थाळी घेऊन गाईमागं बसली. मी पाण्याच्या टाकीआडून पाहिलं. एक घास तिच्या तोंडात, बाकीची भाकरी गाईच्या.

"भिवरे!"

ती दचकली. "गाभण हाय ती. छावणीच्या चाऱ्यावर काय भागतंय तिचं? माझं काय, आज हाय उद्या न्हाई."

मी समोर बसलो आणि तिच्या थाळीतला घास उचलून खाल्ला.

"अवं, उष्टं हाय! खोकला लागंल तुमाला!"

"न्हाई लागत म्हणल्यात बाई."

"त्यांना काय जातंय म्हणाया! सोडा थाळी."

"तू खा, मंग सोडतो."

मी दुसऱ्या घासाला हात घातला. तिनं तो हिसकावला आणि मला मिळू नये म्हणून स्वतःच्या तोंडात कोंबला. तिसऱ्यालाही तसंच. गाय दावं ताणून फुरफुरत होती. थाळी रिकामी झाली तेव्हा भिवराच्या डोळ्यांत राग होता.

दुसऱ्या दिवशी ती थाळी घेऊन टाकीपलीकडं जाऊन बसली. मीही उठून गेलो.

"आलात का," ती म्हणाली आणि भराभर जेवू लागली. मधेच खोकल्याची उबळ आली. घाईनं तिला ठसका लागू नये म्हणून मी हात आखडला. उबळ ओसरली तसं तिनं पदरानं तोंड पुसलं, माझ्या हाताकडं पाहिलं आणि आपणहून पुढचा घास घेतला.