ढब्बूचा चमचा

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. बाळांना भरवायचा, लांब दांड्याचा, पसरट तोंडाचा. कारखान्यात एकाच पत्र्यातून आमची अख्खी फौज कापली गेली. मग घासूनपुसून मला इतकं गुळगुळीत केलं, की कुणाच्याही तोंडात मी सहज शिरावं. तेव्हा मला वाटायचं, तोंडं आपणहून उघडत असतील.

मला एका आजीने विकत आणलं. तिची नात सहा महिन्यांची झाली तरी मूठभरच दिसत होती. घरी तपासायला येणारी नर्स म्हणाली, "बाळ लहान आहे, पण छान आहे. वाढू दे तिच्या कलानं. तोंड फिरवलं की थांबायचं."

नर्सची पाठ वळताच आजी फणकारली, "हिनं स्वतः किती पोरं वाढवलीत? आमच्या घरात काडीपैलवान चालायचे नाहीत."

माझी नोकरी सुरू झाली. बाळ ओठ घट्ट मिटून घ्यायचं. आजी त्याचं नाक चिमटीत धरायची. श्वासासाठी तोंड उघडलं, की मी आत. वर्ष संपायच्या आत बाळाने असं बाळसं धरलं, की मनगटांना वळ्या पडल्या. शेजारणी गालगुच्चे घेत म्हणायच्या, "काय गुटगुटीत आहे हो! अगदी ढब्बू!" आजीची छाती फुगायची. माझंही कौतुक व्हायचं.

पुढे ढब्बू हाताने जेवू लागली आणि मी ड्रॉवरमध्ये बिनजोडीच्या झाकणांखाली जाऊन पडलो. तिथे मला ढब्बू हे नाव ऐकू येई. आधी लाडाने, मग हसून, आणि नंतर दातओठ खाऊन.

ती तेरा वर्षांची झाली तेव्हा आईने तिला डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर आई स्वयंपाकघरात चाचरत सांगत होती, "ते म्हणाले, तान्हेपणी वजन फार झपाट्यानं वाढलं, की वयात येताना अंगावर चरबी साठायची शक्यता जास्त असते. पोरीचा दोष नाही, तिला बोलू नका म्हणाले."

"म्हणजे दोष माझा?" आजी कडाडली. "पोर जगवली, हेच माझं चुकलं!"

तोडगा वडिलांनी काढला. ड्रॉवर उपसून त्यांनी मला ढब्बूच्या ताटात टाकलं. "आजपासून यानंच जेवायचं. एवढ्याशा चमच्यानं खाऊन खाऊन कंटाळा तरी येईल."

करावं एकाने आणि भरावं दुसऱ्याने, ते असं. पाहुण्यांसमोरही तिला माझ्यानेच जेवावं लागे. तिचे ओठ थरथरत. ते फक्त मला कळे.

गेल्या आठवड्यात ढब्बूची आत्या आपलं तान्हं बाळ घेऊन राहायला आली. बाळ बारीक, पण चुणचुणीत, हातपाय सारखे हलते. सगळे जेवायला बसले होते. "पोराच्या अंगावर मूठभर मांस नाही गं," असं म्हणत आजीने ढब्बूच्या ताटातून मला उचललं. "दे इकडे. तुझं पुरे झालं."

ताटात अर्धं अन्न तसंच होतं.

मला विसळून आजी बाळाला भरवू लागली. थोडं खाऊन बाळाने तोंड फिरवलं. आजीची चिमटी त्याच्या नाकाकडे गेली.

"आजी, नको ना," ढब्बू म्हणाली. "त्याचं पोट भरलंय. बास म्हणतोय तो."

आत्याला हसू आवरेना. "अगं बाई! बास कधी म्हणायचं, हे आता ही शिकवणार!"

सगळे हसले. वडील तर ठसका लागेपर्यंत हसले. आईसुद्धा मान खाली घालून हसली. ढब्बू उठून आतल्या खोलीत गेली आणि तिच्यामागे कुणीही गेलं नाही.

मित्रांनो, मला घासा, पुसा, असं मी म्हणत नाही. मी स्टीलचा आहे, मला काही होत नाही. बाळाने तोंड फिरवलं की मला खाली ठेवा, एवढंच. आणि तुमच्या वर्गात एखादी ढब्बू असेल, तर तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा. आमच्या घरात ते नाव मी कधी ऐकलं नाही.

आत्या अजून महिनाभर राहणार आहे. बाळ रोज जिभेने मला बाहेर ढकलतं. त्याचा जोर कमी पडतो.