परशरामचा आवाज

सोनम वकिलाकडं येणारी माणसं बहुतेक जमिनीची भांडणं घेऊन यायची. कुणाचा बांध कोरलेला, कुणाच्या उताऱ्यावर अजून चुलत्याचंच नाव. त्यामुळं सांबऱ्याचा परशराम तिच्या बेळगावच्या ऑफिसात येऊन बसला, तेव्हा तिनं सवयीनं विचारलं, "अण्णा, उतारा आणलाय?"

"जमिनीचं न्हाय, म्याडम. माझा आवाज चोरीला गेलाय. त्याचा उतारा कुठल्या हापिसात मिळतोय?"

सोनमला हसू फुटलं, पण समोरचा माणूस हसत नव्हता हे बघून तिनं ते आवरलं.

परशराम कुस्तीच्या मैदानांत निवेदन करायचा. खानापूरपासून संकेश्वरपर्यंत कुठंही मैदान भरलं, की माईक त्याच्या हातात. कोण पैलवान कुणाचा पठ्ठ्या, गेल्या साली कुणी कुणाला आस्मान दाखवलं, सगळं तोंडपाठ. आणि परवा त्याची चुलतबहीण गंगव्वा भर रस्त्यात त्याच्या अंगावर धावून आली. "तू सांगितलास म्हणून ती पेंड आणली रं! म्हस तोंड लावंना झालीया!"

"मी कधी सांगितलं गं?"

गंगव्वानं मोबाईल त्याच्या कानाला लावला. हलगी कडाडली आणि परशरामच्याच आवाजात, त्याच्याच हेलात, कुणीतरी निपाणीच्या एका कंपनीच्या पशुखाद्याची तारीफ करू लागलं.

त्या कंपनीचा मालक युवराज गेल्या साली जाहिरातीसाठी परशरामकडं आलता. "आधी माझी म्हस खाऊन बघू दे, मग बोलतो," असं परशराम म्हणाला. युवराज परत फिरकला नाही. त्यानं परशरामच्या निवेदनाचे व्हिडिओ कॉम्प्युटरला ऐकवले आणि तसाच आवाज तयार करून घेतला.

"मला पैसं नकोत," परशराम म्हणाला. "पण लोकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो शब्द माझा न्हवताच. हे चार माणसांत त्यांनी सांगाय पायजे."

सोनमनं त्या आठवड्यात जमिनीच्या फायली बाजूला सारल्या. आवाजाच्या हक्काचा असा वेगळा कायदा आपल्याकडं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण अलीकडं मुंबई-दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी गायकांच्या, नटांच्या बाजूनं आदेश दिले होते. माणसाला न विचारता त्याचा आवाज मशीनमधून काढून धंद्याला वापरता येणार नाही, असं त्यांत होतं. वाचता वाचता तिला हुरूप आला. तिनं नोटीस पाठवली.

उत्तर आलं ते ताठ होतं. आवाज कॉम्प्युटरनं बनवला, तो कुणाच्याच मालकीचा नाही. शिवाय परशराम म्हणजे काही सिनेमातला नट नव्हे, त्याचा आवाज कोण ओळखणार?

शेवटचं वाक्य परशरामच्या फार जिव्हारी लागलं. सोनमच्याही. "चला अण्णा, समोरासमोरच बोलू," ती म्हणाली. निपाणी तिचंच गाव. शाळा तिथली, आईबाबा तिथं. युवराजही आपल्या घरी भेटायला तयार झाला.

युवराज वाईट माणूस नव्हता. त्यानं चहा मागवला, खुर्च्या पुढं सरकवल्या, पण मुद्दा सोडला नाही. "म्याडम, आवाज काय, सारखे असतात. ऐकून तरी बघा, यात अण्णांचं असं काय आहे?" असं म्हणत त्यानंच जाहिरात मोठ्या आवाजात लावली.

हलगी वाजली. मागोमाग तो आवाज खोलीभर घुमला.

तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं. युवराजचे वडील देवाप्पा, एका हातात काठी, दुसऱ्या हातानं धोतर सावरत, लगबगीनं बाहेर आले. "परशराम आलाय व्हय? आरं, मला सांगायचं न्हाय? कुठाय?" त्यांची नजर खुर्चीवर गेली आणि म्हाताऱ्यानं परशरामचे दोन्ही हात धरले. "चिक्कोडीच्या मैदानापासनं तुला ऐकतोय, गड्या!"

जाहिरात चालूच होती. युवराजनं ती बंद केली. त्याचे कान लाल झाले.

सोनमनं चहाचा घोट घेतला. "युवराजसाहेब, आवाज कोण ओळखणार, असं तुम्ही लिहिलं होतं."

देवाप्पांना सगळा प्रकार कळायला थोडा वेळ लागला. कळला तसे ते लेकाकडं वळले. "तू ह्येला न विचारता ह्येचा आवाज घेतलास?"

"आप्पा, मला वाटलं, मशीनचं आहे, चालतंय."

"न्हाय चालत," म्हातारा म्हणाला आणि काठी टेकून तिथंच बसला.

पुढचं बोलणं झटक्यात झालं. जाहिरात सगळीकडून काढायची, परशरामचा आवाज ऐकून ज्यांनी पेंड नेली त्यांची परत घ्यायची, आणि सांबऱ्याच्या मैदानात युवराजनं स्वतः बोलायचं. सोनमनं ते लिहून घेतलं, दोघांनी सह्या केल्या.

मैदानाच्या दिवशी युवराज इस्त्रीचा शर्ट घालून आला, पण समोरची गर्दी बघून त्याची बोबडी वळली. माईक तोंडाला चिकटवला तर शिट्टी वाजली, लांब धरला तर काहीच ऐकू येईना. पोरं हसायला लागली.

परशराम उठला. त्यानं हलगी थांबवली, युवराजचा हात धरून माईक नीट हनुवटीखाली आणला आणि हळूच म्हणाला, "घाबरू नको. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला सांगतोयस असं समज."

"मी परशरामअण्णांना न विचारता त्यांचा आवाज वापरला," युवराज म्हणाला. "चूक झाली. ती पेंड चांगली आहे असं अण्णा कधीच बोलले नव्हते." मग बायकांच्या घोळक्यातून गंगव्वा ओरडली, "माझं पोतं आत्ताच न्हे!" आणि सगळं मैदान हसलं. युवराजही हसला.

सोनम निघणार होती, पण पहिली कुस्ती लागली. तिनं आयुष्यात कधी मैदान पाहिलं नव्हतं. परशरामचा आवाज चढत गेला, तशी ती खुर्चीवरून उठली, मग खुर्चीवर चढली. खानापूरच्या पोरानं शेवटच्या क्षणी ढाक मारून समोरच्याला चीत केलं तेव्हा ती देवाप्पांच्या खांद्यावर थाप मारत ओरडत होती. दुसऱ्या दिवशी कोर्टात तिच्या घशातून शब्द फुटेना. पुढची तारीख तिनं खुणेनंच मागितली.